जिभाऊ आणि गव्हाचा कण

नंदुरबारला बँकेत माझी बदली झाली, तेव्हा ज्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायला गेले, त्या घरमालकांनी पहिल्याच दिवशी माझ्या सामानात हात घातला. अगदी शब्दशः घातला. टेम्पोतून तांदळाची गोणी उतरली तशी त्यांनी तिची सुतळी सोडली, कोपरापर्यंत हात आत खुपसला, तळातून मूठभर तांदूळ काढून तळहातावर पसरला आणि माझ्याकडे अत्यंत करुणेने पाहत विचारलं, "वरला नवा शे, खालना जुना. कोणी दिधा?"

गोणी माझ्या सासूबाईंनी भरून दिली होती. हा माणूस मला त्याच क्षणी आवडला.

त्यांना सगळी गल्ली जिभाऊ म्हणायची. खानदेशात वडीलधाऱ्या माणसाला प्रेमाने असं म्हणतात. जिभाऊंच्या बाबतीत प्रेमात थोडी धास्तीही मिसळलेली असायची. जन्मभर त्यांनी कापसाच्या खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काम केलं होतं. कळसाडी, म्हसावद, कुठून कुठून गाड्या यायच्या. वर दुधासारखा पांढरा कापूस आणि खाली शेवटच्या वेचणीची पिवळट फरतड, कुठे वजन वाढावं म्हणून पाण्याचा शिडकावा, कुठे पोटात एखादा धोंडा. जिभाऊ गाडीवर चढायचे, ढिगात हात घालायचे आणि आत काय आहे ते सांगायचे. नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हात निवृत्त व्हायला तयार नव्हता.

दूधवाला आला की किटलीत आधी जिभाऊंची बोटं बुडायची. भाजीवाली त्यांच्या ओट्याशी आली की टोपलीचा खालचा थर स्वतःच वर करून ठेवायची, उगाच वाद नको म्हणून. लग्नाच्या पंगतीत ते बसायच्या आधी मागच्या बाजूला आचाऱ्याकडे एक फेरी मारून यायचे, आणि परत येऊन पानावरच्या ज्या पदार्थाला ते हात लावत नसत त्याला अख्खी पंगत हात लावत नसे. एका वधूपित्याने तर म्हणे पुढच्या लेकीच्या लग्नाची पत्रिका त्यांना लग्न लागून गेल्यावर पोचेल अशी व्यवस्था केली.

पिठाच्या गिरणीतला त्यांचा सोहळा वेगळाच. गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ दगडांत राहतंच, ते सगळ्यांना चालतं. जिभाऊंना चालत नसे. ते आधी ओंजळभर दादर गिरणीत टाकायला लावायचे. दादर म्हणजे त्या भागातली रब्बीची ज्वारी, भाकरीला गोड. ते ओंजळभराचं पीठ बाहेरच्या गायीला जायचं, मग जिभाऊ वाकून गिरणीच्या तोंडात फुंकर मारायचे, स्वतःच पांढरे होऊन बाहेर यायचे, आणि मग त्यांचा डबा लागायचा. मागे रांगेत उभ्या बायका तोंडाला पदर लावून काय काय म्हणायच्या ते मी इथे लिहीत नाही. गाय मात्र त्यांना लांबून ओळखायची.

त्यांना कोणी काहीही सांगितलं, पाऊस चांगला होणार आहे, भाव वाढणार आहे, माझी बदली होणार आहे, की त्यांचं उत्तर एकच असे, "देखसूत." पाहू म्हणे. स्वतःच्या मुलासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हाही मुलीकडच्यांनी तिच्या हातचे पोहे पुढे ठेवल्यावर हे देखसूत म्हणून उठले, गच्चीवर गेले आणि त्या लोकांच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आले. टाकी स्वच्छ निघाली म्हणून लग्न जमलं. सून ते अजून विसरली नव्हती. ती पुण्याला असायची, कॉलेजात शिकवायची, आणि टाकीची गोष्ट हसत हसत सांगायची. पण हसताना तिचे डोळे हसायचे नाहीत.

आता ब्रेडकडे वळते. माझे यजमान सुरतेला नोकरीला, शनिवारच्या गाडीने यायचे. मला स्वयंपाकाचा कंटाळा जन्मजात. त्यामुळे गावात जेव्हा बायपासच्या अंगाला ते मोठं, काचेचं, गारेगार दुकान उघडलं आणि त्याच्या मागच्या कोपऱ्यात स्वतःची बेकरी सुरू झाली, तेव्हा गावात सर्वांत जास्त आनंद मला झाला असावा. नंदुरबारला पाव होता, खारी होती, टोस्ट होते. पण इथे काचेमागे पाट्या लावलेले ब्रेड होते. मल्टिग्रेन, लसणाचा, ऑलिव्हचा, आणि एक गोल, जाड करपट पाठीचा, सावरडो नावाचा. मी शनिवारी बँकेतून थेट तिथे जायची आणि एक नवा नमुना घेऊन यायची. घरी यायला जिभाऊंच्या ओट्यावरूनच जिना होता, म्हणजे जकातनाका चुकवायची सोय नव्हती.

मल्टिग्रेनची तपासणी त्यांनी जिना अडवून केली. एक काप मागून घेतला, पाण्याच्या वाटीत घातला, विरघळू दिला आणि तळाशी बसलेले दाणे ताटलीत वेगळे करून मला वर आणून दाखवले. जवस इतके, तीळ इतके, बाकी मैदा आणि रंग. "फरतड," त्यांनी निकाल दिला. लसणाच्या ब्रेडला त्यांनी दुसरा दर्जा दिला, कारण लसूण निदान दिसत होता. मी म्हटलं, जिभाऊ, मला दर्जा नको, रात्रीचं जेवण हवंय. ते म्हणाले, देखसूत.

सावरडोच्या दिवशी मात्र प्रकरण दुकानापर्यंत गेलं. त्यांनी तुकडा तोंडात टाकला, चेहरा वाकडा केला आणि माझ्या हातातून पिशवीच काढून घेतली. माल आंबला होता. एका एकट्या बाईला, तीही परगावची बघून, दुकानाने आंबलेला माल गळ्यात मारला होता. मी परोपरीने सांगितलं की तो मुद्दाम आंबवतात, त्याचीच तर किंमत असते. पण हे ऐकून त्यांचा संशय उलट पक्का झाला, कारण फरतड विकणारेसुद्धा ती मुद्दाम ठेवलेलीच असते असं सांगायचे. स्कूटरवर मागे बसून, ब्रेड मांडीवर घेऊन ते माझ्याबरोबर परत दुकानात आले.

बेकरीच्या काचेमागे कागदी टोपी आणि प्लास्टिकचे हातमोजे घालून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. जिभाऊंना पाहताच त्यांनी टोपी काढली, आणि मग नियम आठवून परत घातली.

ते चाचा. गावातल्या जुन्या बेकरीचे मालक. त्यांची लाकडाची भट्टी बंद झाली होती, मुलं दुसऱ्या धंद्यांना लागली होती, आणि चाचांना घरी बसवत नव्हतं म्हणून ते या काचेमागे नोकरीला लागले होते. जिभाऊंचं आणि त्यांचं नातं काय होतं हे सांगायला मला दिवाळीकडे जावं लागेल. त्या गावात दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका रवा, तूप, साखर डब्यात भरून बेकरीत न्यायच्या, तिथे माल मळून नानकटाई भाजून मिळायची, आपण फक्त भाजणावळ द्यायची. जिभाऊंकडून डबा घेऊन जिभाऊच जायचे. आणि डबा देऊन परत येणाऱ्यांतले ते नव्हते. मळताना परातीशी उभे, भाजताना भट्टीशी उभे. आपल्या घरचं तूप दुसऱ्याच्या पिठात आणि दुसऱ्याचा डालडा आपल्या पिठात जाऊ नये म्हणून घामाने थबथबून, धुराने लाल डोळे करून, वर्षानुवर्षं. चाचा दर दिवाळीला त्यांच्या नावाने शंख करायचे आणि दर दिवाळीला त्यांच्यासाठी स्टूल पुसून ठेवायचे.

तर त्या दिवशी जिभाऊंनी काचेवर ब्रेड ठेवला आणि तो आंबल्याची तक्रार केली. चाचांनी शांतपणे सांगितलं की तो तसाच असतो, त्याचं खमीर ते स्वतः रोज वाढवतात. "मंग पहिले सांगता नही येत का," म्हणून जिभाऊंनी ब्रेड मला परत दिला. जाताना त्यांनी काचेला हात लावून पाहिला. आतल्या भट्टीपाशी उभं राहायची सोय नाही, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. परतीच्या वाटेवर ते एकदाच बोलले, की चाचाला त्या टोपीत पाहवत नाही.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्या वर्षी त्या घरात एक गोष्ट घडून गेली होती, जिच्याबद्दल गल्लीत कोणी मोठ्याने बोलत नसे.

जिभाऊंची नात, आठ-नऊ वर्षांची असेल, तिला गहू सोसत नव्हता. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पोटात कण जरी गेला तरी आतडं बिघडतं, पोर वाढत नाही. हा आजार जन्मभराचा. मे महिन्यात ती आली तेव्हा तिच्यासाठी दादरची भाकर व्हायची. जिभाऊंनी दळून आणलेल्या दादरचीच. तरी पोर तिसऱ्या दिवशी उलट्या करून करून पिवळी पडली आणि तिला सलाईन लावायला लागलं. नंतर उलगडा झाला. जिभाऊंच्या पत्नी, माई, ज्या परातीत घरच्यांच्या पोळ्यांची कणीक मळत, तीच झटकून तिच्यात पोरीची भाकर थापत होत्या. शिवाय गिरणी सगळ्यांची. ओंजळभर दाण्यांनी दगड साफ होतो हे गायीला पटलं होतं, डॉक्टरांना पटलं नाही.

सुनेने भांडण केलं नाही. तेच वाईट झालं. तिने एवढंच सांगितलं की आता पोर मोठी होऊन स्वतःची काळजी घ्यायला लागेपर्यंत तिला इकडे आणणार नाही, आम्ही दोघं येऊन जाऊन राहू. मुलगा खाली मान घालून उभा होता. माई रडल्या. आणि ज्या माणसाने साऱ्या जगाच्या ढिगात हात घालून भेसळ काढली, त्याच्या स्वतःच्या घरात ती निघाली. त्यानंतर कितीतरी दिवस जिभाऊ ओट्यावर बसत होते, पण दूधवाल्याच्या किटलीत बोट घालत नव्हते. दूधवाल्याने मला काळजीने विचारलं, जिभाऊंची तब्येत बरी आहे ना.

फोनवर नात बोलायची. तिला आबाची आठवण यायची, आणि शाळेत डब्याच्या सुट्टीत सगळ्यांकडे सँडविच असतं याचं दुःख असायचं. तिच्यासाठी मिळणारा खास ब्रेड पुण्यातही हातात धरला की भुगा व्हायचा. भाकरीला ती कंटाळली होती. एकदा तिने विचारलं, आबा, तुमच्या चाचांना माझा ब्रेड येतो का. जिभाऊ या खेपेला देखसूत म्हणाले नाहीत. फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेल्या डब्यात दादरचं पीठ भरून ते निघाले.

मी सोबत होते, कारण स्कूटर माझी होती. दारावरच्या पहारेकऱ्याने डबा बाहेर ठेवून टोकन घ्यायला सांगितलं. जिभाऊंनी टोकन घेतलं, डबा दिला नाही. बेकरीपाशी चाचा दिसले नाहीत म्हणून ते सरळ पैसे भरायच्या रांगेत उभे राहिले आणि डबा त्या सरकत्या पट्ट्यावर ठेवला. गल्ल्यावरच्या मुलीने तो उलटसुलट करून त्याच्यावरच्या रेघा शोधल्या. डब्यावर माईंच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, तेवढंच. मॅनेजर धावत आला. तरुण, बाहेरगावचा, अतिशय सभ्य. त्याने विचारलं की आजोबांना काय परत करायचं आहे. जिभाऊ म्हणाले, परत काही नाही, भाजायचं आहे, भाजणावळ काय पडेल ते सांगा, आणि मी आत भट्टीपाशी उभा राहीन.

त्या मॅनेजरची मला खरोखर दया आली. त्याला अशा प्रसंगासाठी काहीच शिकवलेलं नव्हतं. गिऱ्हाइकाचं पीठ भाजून देत नाहीत हे त्याने निरनिराळ्या प्रकारे सांगितलं, आणि जिभाऊंनी प्रत्येक वेळी तितक्याच सभ्यपणे विचारलं की मग ही बेकरी कसली. मागे रांगेतल्या बायका ऐकत होत्या. त्यांतल्या एकीने, तशी सोय असेल तर आमचीही नानकटाई घ्या हो दिवाळीला, अशी मागणी केली. लगेच दुसरीने तूप कुणी आणायचं ते विचारलं. मॅनेजर पाणी प्यायला निघून गेला.

तेवढ्यात चाचा आले. जिभाऊंनी त्यांना नातीचं सांगितलं, तिचा आजार, परात, सलाईन, सगळं. चाचांनी डब्याला हातसुद्धा लावला नाही. हातमोजे काढून, भोवतालच्या बेकरीकडे हात करून ते म्हणाले, "आठे नको जिभाऊ. आठे हवामा मैदा शे. मन्हा श्वासमा मैदा शे. मी पोरले बिमार नही पाडनार. मी तुम्हनाकडे येसू."

अशा रीतीने ती मोहीम आमच्या घरी आली, आणि नेमकी माझ्या मजल्यावर चढली. कारण माझ्याकडे ओव्हन होता. लग्नात मावशीने दिलेला, खोक्यात बंद, चिकटपट्टीसुद्धा न काढलेला. माझ्या आळसाची आयुष्यात कोणी एवढी कदर केली नव्हती. जिभाऊंनी तो उघडून आतून बाहेरून पाहिला, वास घेतला आणि माझ्याकडे वळून भरल्या आवाजात म्हणाले, एकदाही वापरला नाही ना ताई. मी अभिमानाने नाही म्हटलं.

त्या दिवसापासून माझ्या मजल्यावर गहूबंदी झाली. माझी कणीक, माझे टोस्ट, माझा लाडका सावरडो, सगळं खाली माईंकडे रवाना झालं. स्वयंपाकघर जिभाऊंनी स्वतः घासलं, फटीफटीतून सुई फिरवली. यजमान शनिवारी सुरतेहून खारी घेऊन आले, तर त्यांना ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून खावी लागली. मी ब्रेड घ्यायचं सोडलं नाही. बँकेच्या मागच्या जिन्यावर बसून, चोरासारखं खाऊन, हात धुऊन, पदर झटकून घरी यायची. बँकेत माझ्याबद्दल काय समज पसरला असेल देव जाणे.

डब्यातलं पीठ गिरणीचंच होतं, ते गायीला गेलं. आता पीठ कुठून आणायचं हा खरा प्रश्न होता, कारण गिरणीवर भरवसा नव्हता. म्हसावदच्या पाहुण्यांकडे अडगळीत पडलेलं दगडी जातं जिभाऊंनी आणवलं आणि त्याला टाकी लावून घेतली, म्हणजे छिन्नीने वरचा जुना थरच काढून टाकला. त्यात कधीकाळी गहू दळला असेल तर तोही गेला. माईंना त्यांनी दळायला बसा म्हटलं. माईंनी साफ सांगितलं की जन्मभर मी दळलं, आता तुमची पाळी. तेव्हा जिभाऊ स्वतः जात्याला बसले. बातमी गल्लीत पसरली. कुणी वाटी मागायला, कुणी विरजण मागायला, अशा बायका दिवसभर येत होत्या, आणि ज्यांना त्यांनी गिरणीच्या रांगेत इतकी वर्षं ताटकळत ठेवलं होतं त्या सगळ्यांनी ते दृश्य मन भरून पाहिलं. एकीने जात्यावरची ओवी म्हणायचाही आग्रह केला. जिभाऊंनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

चाचा त्यांच्या सुट्टीच्या दिवशी यायचे. आल्या आल्या जिभाऊ त्यांना आंघोळीला पाठवायचे आणि स्वतःचा धुतलेला सदरा-पायजमा घालायला द्यायचे. "मन्हा निकाहले बी मी इतलं आंग घसेल नव्हतं," म्हणत चाचा न्हाणीघरातून बाहेर यायचे. त्या ढगळ सदऱ्यात ते जिभाऊंचे धाकटे भाऊ दिसायचे.

पहिला ब्रेड विटेसारखा झाला. दुसरा फुगला आणि ओव्हनचं दार उघडताच बसला. दादरमध्ये चिकटपणाच नाही, गहू जो ताण देतो तो कुठून आणायचा, म्हणून चाचा कपाळाला हात लावून बसले. मग त्यांना सुचलं ते इसबगोल. पाण्यात टाकलं की त्याचा चिकट गोळा होतो, तो पिठाला धरून ठेवेल. ते आणायला कुणाला बाजारात जावं लागलं नाही. जिभाऊ रोज सकाळी ज्या कारणासाठी इसबगोल घेत, त्याचा भरलेला डबा खालीच होता. माईंनी तो वर पाठवताना निरोप दिला की एवढा सगळा घालू नका, पोर आहे ती. अर्थात त्या डब्यातलं जिभाऊंनी नंतर फेकून दिलं आणि सीलबंद पाकीट आणवलं, कारण जुन्या डब्याचा चमचा कुठे कुठे फिरला होता ते त्यांना आठवेना.

मळताना ते चाचांच्या खांद्याशी उभे असायचे. चाचांनी हात कुठे टेकवला, मिठाची बरणी कुणाची, फडकं कोणतं. एका रविवारी चाचांचा संयम सुटला. पिठाचे हात तसेच वर धरून त्यांनी मागे वळून विचारलं, "इतला वर्स तुम्ही मन्ही भट्टीपाशी हुभा ऱ्हायनात. एक चमचा तूप तरी कमी सापडनं का कधी?"

जिभाऊंनी मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाले, "नही सापडनं. सापडतं तर दुसरी दिवाळीले मी तुन्हाकडे उनू नसतू."

चाचा परत मळायला लागले. त्या दिवशीचा ब्रेड फुगला आणि फुगलेला राहिला. वरून तपकिरी, आतून करडा, जरा ओलसर, पण कापला तर काप निघत होता आणि हातात धरला तर धरला जात होता. मी खाऊन पाहिला. खरं सांगायचं तर सावरडोची सर त्याला नव्हती. पण मी जिभाऊंसमोर तसं म्हटलं नाही, कारण ते काप प्रकाशाकडे धरून परत परत उलटून पाहत होते.

मुलाला त्यांनी फोनवर सगळं सांगितलं. मुलाने बायकोची कशी मनधरणी केली ते मला माहीत नाही. दिवाळीला ते तिघे आले, फक्त दोन दिवसांसाठी, आणि सुनेने गाडीतून पोरीच्या आधी डबे उतरवले. तिने तिचा तवा आणला होता, तिची परात, तिचं पीठ, पाण्याची बाटलीसुद्धा. गल्ली श्वास रोखून बघत होती, कारण जिभाऊंच्या ओट्यावर कोणी स्वतःचं पीठ घेऊन चढल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

सून सरळ वर आली. पीठ कुठे दळलं, जातं कुणाचं, ओव्हनमध्ये आधी काय भाजलं, फडकं कशाने धुतलं, चाचा कामावरून आले तेव्हा पायात काय होतं. तिने डबे उघडले, ओट्याच्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं, माझ्या फ्रिजच्या मागे डोकावली. माझा जीव खालीवर झाला, कारण फ्रिजमागे मी स्वतःही कधी डोकावले नव्हते. माई जिन्यात पदर चाचपत उभ्या होत्या. मला वाटलं आता जिभाऊंचा स्फोट होणार. एवढी झडती त्यांनी दुसऱ्यांची घेतली होती, त्यांची कोणी घेतली नव्हती.

जिभाऊ तिच्या मागे मागे चालत होते आणि तिने न विचारलेली झाकणंही उघडून दाखवत होते. एवढं खुश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या जातीचं माणूस भेटलं होतं. ओव्हनच्या तारेच्या जाळीखाली पाहायचं सुनेच्या लक्षात आलं तेव्हा ते मला हळूच म्हणाले, पोर हुशार आहे. मी म्हटलं, टाकीसुद्धा दाखवा. ते खरोखर गच्चीकडे निघाले, तेव्हा सूनच त्यांना थांबवून हसली.

मग नात खायला बसली. चाचांनी त्या दिवशी सुट्टी घेऊन ब्रेड भाजला होता. तिने काप हातात घेतला, पण लगेच तोंडात घातला नाही. खाण्याआधी विचारायची तिला सवय लागली होती. मावशी, आत्या, शाळेतल्या बाई, सगळे तिच्या प्रश्नांना वैतागायचे, काही होत नाही गं एवढ्याने म्हणायचे. तिने आबाला विचारलं की हा सुरीने कापला ती सुरी कोणती. जिभाऊंनी सुरी आणून दाखवली. तिने चाचांना विचारलं की तुम्ही आज पाव खाल्ला का. चाचा म्हणाले की कालपासून भातावर आहेत. तिने मान डोलावली आणि खायला लागली. दोन कापांमध्ये काकडी घालून तिने तिचं सँडविच केलं, ते दोन्ही हातांनी धरलं, आणि ते मोडलं नाही. आम्ही सगळी मोठी माणसं एका पोरीच्या जबड्याकडे बघत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी ती मोरीकडे गेली की सगळं घर कान देऊन ऐकायचं. जिभाऊंनी त्या दिवशी अन्न घेतलं नाही. तिला काही झालं नाही. संध्याकाळी ती गल्लीत पोरांबरोबर फुलबाज्या उडवत होती आणि उरलेला ब्रेड मागत होती.

निघायच्या दिवशी सून ओट्यावर उभी होती. गाडी भरून झाली होती. ती जिभाऊंना म्हणाली की मे महिन्यात कॉलेजच्या कामाने तिला महिनाभर बाहेर जावं लागणार आहे, तेव्हा पोरीला इथे ठेवलं तर चालेल का. मुलगा डिकी बंद करता करता थांबला. माईंनी माझा हात धरला.

जिभाऊंनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी तिला विचारलं, "मन्हावर भरोसा शे का तुन्हा?"

सून म्हणाली, "नाही आबा. पण तुम्ही कुणावरच भरवसा ठेवत नाही ना, त्याच्यावर आहे."

जिभाऊ मोठ्याने हसले. हसता हसता त्यांना रडू आलं, आणि सगळी गल्ली बघत असताना तोंड फिरवायचंही त्यांना सुचलं नाही.